बाटलीतून केगमध्ये : घरच्या बिअरचा अमेरिकी धडा

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचे २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाची शंभरी ओलांडल्यावर निधन झाले. कॅम्प डेव्हिड करार, पनामा कालव्याचे हस्तांतर, तेहरानमधील ओलीस-प्रकरण आणि २००२ चे नोबेल शांतता पारितोषिक या साऱ्यांची त्यानिमित्ताने उजळणी होणे स्वाभाविकच होते. तेथील बिअरशौकिनांनी मात्र त्यांची आठवण काढली ती वेगळ्याच कारणासाठी. कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी ज्या विधेयकावर स्वाक्षरी केली, त्यामुळे अमेरिकी नागरिकाला आपल्या घरात, आपल्यापुरती बिअर तयार करण्याची मुभा मिळाली. व्हाइट हाउसमध्ये कडक मद्य न देण्याचा दंडक पाळणारा, धर्मनिष्ठ बाप्टिस्ट अध्यक्ष या छंदाचा आद्य पुरस्कर्ता ठरावा, हा इतिहासाचा एक गमतीदार योगायोगच म्हणावा लागेल.

या मुभेतून एक छंद उभा राहिला, छंदातून उद्योग वाढला आणि आज तो उद्योग चढणीवरून उतरणीला लागला आहे. अमेरिकेत २०२४ मध्ये नव्याने सुरू झालेल्या ब्रुअरींपेक्षा बंद पडलेल्या ब्रुअरींची संख्या अधिक भरली. या पार्श्वभूमीवर त्या छंदाचा प्रवास नीट समजून घेण्याजोगा आहे. विशेषतः त्यातील एक टप्पा. हा टप्पा म्हणजे बाटलीकडून केगकडे, म्हणजेच पोलादी पिंपाकडे झालेले स्थित्यंतर. वरवर पाहता ही केवळ साधनांची अदलाबदल वाटेल. प्रत्यक्षात तीत तंत्रज्ञान, कायदा आणि घरातील मद्यपान या तिन्हींचे प्रश्न गुंतलेले आहेत.

विस्मरणातून आलेली बंदी

अमेरिकेतील देशव्यापी दारूबंदी जानेवारी १९२० मध्ये लागू झाली आणि डिसेंबर १९३३ मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने संपुष्टात आली. बंदीच्या काळात मोठमोठ्या ब्रुअरींनी तग धरण्यासाठी जी उत्पादने बाजारात आणली, त्यांत माल्टचा पाक हे एक प्रमुख उत्पादन होते. तो पाव भाजण्यासाठी आहे असे सांगितले जाई. पण त्याचे पुढे काय होते, हे विकणाऱ्यालाही ठाऊक होते आणि घेणाऱ्यालाही. त्या पाकात साखर आणि पावाचे यीस्ट घालून घरोघरी जी बिअर बने, ती चवीला बेताचीच असे आणि तिच्या बाटल्या अधूनमधून फुटत.

बंदी उठल्यावर कुटुंबापुरती द्राक्षवाइन घरी बनवण्याची करमुक्त सवलत कायद्याने दिली. बिअरचा उल्लेख मात्र राहून गेला. परिणामी पुढची पंचेचाळीस वर्षे घरची वाइन कायदेशीर आणि घरची बिअर बेकायदा, अशी विसंगत स्थिती कायम राहिली. ब्रिटनने १९६३ च्या अर्थसंकल्पात अशाच घरगुती बिअरवरील परवान्याची अट काढून टाकली होती. अमेरिकेला त्यानंतरही पंधरा वर्षे लागली. तीही स्वतंत्र विधेयकाने नव्हे. ट्रक, बस आणि ट्रॅक्टर यांवरील अबकारी कराच्या एका विधेयकाला कॅलिफोर्नियाचे सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी जोडलेल्या दुरुस्तीतून ही तरतूद आली. १ फेब्रुवारी १९७९ पासून ती अमलात आली. एका प्रौढ व्यक्तीच्या घरात वर्षाला १०० गॅलन (सुमारे ३७८ लिटर) आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घरात २०० गॅलन (सुमारे ७५७ लिटर) ही मर्यादा ठरली. विक्रीला पूर्ण मनाई राहिली. घरी मद्याचे ऊर्ध्वपातन करण्यास, म्हणजे भट्टी लावण्यास, या कायद्याने परवानगी दिली नाही.

मात्र एकविसाव्या घटनादुरुस्तीने मद्याचे नियमन प्रामुख्याने राज्यांकडे सोपवले असल्याने संघराज्याच्या कायद्याने प्रश्न सुटला नाही. प्रत्येक राज्यातील हौशी मंडळींना आपापल्या विधिमंडळाचे उंबरठे झिजवावे लागले. अलाबामा आणि मिसिसिपी या अखेरच्या दोन राज्यांनी ही मुभा दिली ती थेट २०१३ मध्ये. एका स्वाक्षरीने सारे बदलले, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

विरजणाची शिस्त

घरी बिअर करणे म्हणजे नेमके काय, याविषयी आपल्याकडे अनेक गैरसमज आहेत. मूलतः ही आंबवण्याची क्रिया आहे. सातूला मोड आणून तो वाळवला की माल्ट तयार होते. माल्ट गरम पाण्यात भिजवले की त्यातील पिष्टमय पदार्थांची साखर होते. अमेरिकेतील नवशिक्या हा पहिला भाग टाळतो आणि तयार माल्ट-अर्क विकत आणतो. तो पाण्यात विरघळवून साधारण तासभर उकळायचा, उकळताना कडूपणा आणि सुवास यांसाठी हॉप्सची फुले घालायची, मिश्रण वीस अंश सेल्सिअसच्या आसपास निववायचे आणि मग त्यात यीस्ट सोडायचे. पुढचे काम यीस्टचे. एक ते दोन आठवड्यांत ते साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते.

दूध कोमट असताना विरजण लावणाऱ्या कोणत्याही घराला यातील मर्म सांगावे लागणार नाही. फार गरम असताना विरजण लावले की ते मरते, भांडे अस्वच्छ असले की दही नासते. बिअरचेही तेच आहे. लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये बिअरवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तो बिअर का बिघडते या प्रश्नाचा शोध घेतानाच. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी यीस्टची शुद्ध पैदास साधली. या दोन शोधांवरच आजची घरगुती बिअर उभी आहे. म्हणूनच अनुभवी मंडळी नवशिक्याला तीन गोष्टी वारंवार बजावतात. उकळल्यानंतर मिश्रणाला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक असली पाहिजे. आंबण्याच्या काळातील तापमान स्थिर हवे. आणि आंबणे पूर्ण झाले की नाही, हे डोळ्यांनी नव्हे तर हायड्रोमीटरने ठरवावे. सुरुवातीला १.०५० च्या आसपास असलेली घनता १.०१० ते १.०१२ पर्यंत उतरून दोन-तीन दिवस तेथेच थांबली, तर काम झाले असे समजायचे.

बाटलीचे दुखणे

येथवर बिअर तयार असते, पण तिच्यात फेस नसतो. तो आणण्याचा जुना आणि स्वस्त मार्ग बाटलीचा. अमेरिकी छंदातील नेहमीचा घाणा पाच गॅलनचा, म्हणजे सुमारे १९ लिटरचा. त्यात साधारण सव्वाशे ग्रॅम साखर विरघळवून बिअर बाटल्यांत भरायची आणि पत्र्याचे बूच ठोकायचे. शिल्लक यीस्ट ही साखर खाते आणि कोंडलेला वायू बिअरमध्ये मुरतो. दोन आठवडे खोलीच्या तापमानात ठेवले की बाटली पिण्याजोगी होते.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे तिला फारसे भांडवल लागत नाही. एक झाकणाचे प्लास्टिकचे भांडे, नळी, हायड्रोमीटर आणि बूच ठोकण्याचे यंत्र एवढ्यावर भागते. परंतु १९ लिटरसाठी ३५५ मिलिलिटरच्या पन्नासहून अधिक बाटल्या लागतात. प्रत्येक बाटली घासायची, निर्जंतुक करायची, भरायची आणि बंद करायची. छंद सोडणाऱ्यांपैकी अनेकांना हा बाटल्यांचा ढीगच नकोसा होतो.

दुसरे दुखणे अधिक गंभीर आहे. आंबणे अपुरे असताना बाटल्या भरल्या, साखर जास्त पडली किंवा बाहेरचे जंतू शिरले, तर बाटलीतील दाब वाढतच जातो. त्यावर कोणतेही नियंत्रण उरत नाही. पातळ काचेची बाटली मग बॉम्बसारखी फुटते आणि काचांचे तुकडे खोलीभर उडतात. बाटलीत भरलेल्या बिअरचे काय चालले आहे, हे झाकण उघडेपर्यंत कळण्याचा मार्ग नसतो, हेच या पद्धतीतले खरे न्यून.

शीतपेयांची टाकाऊ पिंपे

यावर उपाय सापडला तो मद्य उद्योगात नव्हे, तर शीतपेयांच्या धंद्यात. हॉटेलांत आणि उपाहारगृहांत कोकाकोला व पेप्सी पूर्वी पाच गॅलनच्या उभट पोलादी पिंपांतून पुरवले जाई. कॉर्नेलियस या कंपनीच्या नावावरून ही पिंपे ओळखली जात. पुढे कंपन्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यातील प्लास्टिकच्या पिशवीतून पाक पुरवण्याची पद्धत स्वीकारली आणि लाखमोलाची पोलादी पिंपे अडगळीत गेली. योगायोगाने त्यांचे माप आणि घरगुती घाण्याचे माप एकच होते. भंगाराच्या भावाने मिळणारी ही पिंपे हौशी मंडळींनी उचलली. पेप्सीच्या आणि कोकाकोलाच्या पिंपांची जोडणी वेगवेगळ्या धाटणीची होती. ती दोन नावे आजही या छंदाच्या बोलीत टिकून आहेत.

पिंपाची रचना साधी आहे. वर रबरी कडीचे अंडाकृती झाकण आणि त्यावर जादा दाब सोडणारी झडप असते. शेजारी दोन तोंडे असतात; आखूड नळीतून वायू आत येतो आणि तळापर्यंत गेलेल्या लांब नळीतून बिअर बाहेर पडते. येथे फेस आणण्यासाठी साखर आणि यीस्ट यांवर विसंबावे लागत नाही. सिलिंडरमधील कार्बन डायऑक्साइड रेग्युलेटरद्वारे थेट पिंपात सोडतात. बिअर तीन-चार अंश सेल्सिअसला थंड ठेवून प्रति चौरस इंच १० ते १२ पौंड दाब दिला की आठ-दहा दिवसांत हवा तेवढा फेस येतो. दाब कमी-जास्त वाटला तर चावी फिरवून दुरुस्त करता येतो. पन्नास बाटल्यांऐवजी एकच भांडे धुवायचे असते. भरण्यापूर्वी पिंपातील हवा वायूने बाहेर काढली की प्राणवायूमुळे बिअर शिळी पडण्याचा धोकाही घटतो.

अर्थात हे सारे फुकट मिळत नाही. सिलिंडर, रेग्युलेटर, नळ्या, तोटी आणि बहुधा एक स्वतंत्र फ्रीज, असा खर्च बाटलीच्या साहित्याच्या कित्येक पटींनी अधिक होतो. नळ्या वरचेवर साफ केल्या नाहीत तर त्यांतच जंतू वाढतात. सिलिंडरची पाच वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते. नेहमीच्या पाच पौंडी सिलिंडरमधील वायू पूर्ण गळला तर तो सुमारे बाराशे लिटर होतो. बंद, लहान खोलीत एवढा कार्बन डायऑक्साइड प्राणावर बेतू शकतो. काच फुटण्याचा धोका गेला, त्याच्या जागी अदृश्य वायूचा आला. फरक एवढाच की, या दुसऱ्या धोक्यावर रेग्युलेटर, झडप आणि उघडी खिडकी यांनी नियंत्रण ठेवता येते. अनुभवी मंडळी नवशिक्याला पहिले चार-पाच घाणे बाटलीतच भरायला सांगतात ते यासाठीच. आंबण्याची शिस्त अंगवळणी पडण्यापूर्वी केग घेतला, तर वाईट बिअर अधिक सोयीने मिळते, इतकेच.

छंदाची शाळा

परवानगीमुळे झालेला सर्वांत मोठा बदल म्हणजे ज्ञान उघड्यावर आले. चार्ली पपाझियन या अणुअभियांत्रिकी शिकलेल्या शाळाशिक्षकाने सहकाऱ्यासह १९७८ मध्येच कोलोरॅडोतील बोल्डर येथे अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशनची स्थापना केली. १९८४ मध्ये आलेले त्याचे पुस्तक हौशी मंडळींची पाठ्यपोथी बनले. पुस्तके, मंडळे, स्पर्धा आणि परीक्षक यांतून एक अनौपचारिक शाळाच तयार झाली.

या शाळेतून उद्योजक बाहेर पडले. केन ग्रॉसमन याने १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील चिको येथे घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान काढले आणि १९८० मध्ये दुग्धालयांतील जुनी भांडी जोडून सिएरा नेवाडा ही ब्रुअरी उभी केली. टाकाऊतून टिकाऊ हा तर या साऱ्या चळवळीचा स्थायीभाव. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शंभरही ब्रुअरी उरल्या नव्हत्या. २०१५ मध्ये त्यांच्या संख्येने १८७३ मधील ४,१३१ चा उच्चांक मागे टाकला आणि नंतर ती नऊ हजारांच्या पुढे गेली. २०११ मध्ये खुद्द व्हाइट हाउसच्या स्वयंपाकघरात तेथीलच मध वापरून बिअर तयार झाली. पुढच्या वर्षी तिची कृती जाहीर करण्यात आली.

आजच्या मंदीचे एक कारण या यशातच दडले आहे. १९८० च्या दशकात घरी बिअर करावी लागे, कारण हवी ती बाजारात मिळत नसे. आज ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. निकडीतून सुरू झालेला छंद आता केवळ हौस म्हणून उरला आहे.

केग मोजत नाही

या यशोगाथेची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. बाटली कटकटीची असली तरी ती हिशेब ठेवते. सकाळी रिकाम्या बाटल्या मोजल्या की रात्री किती झाली हे कळते. पिणाऱ्याला कळते आणि घरच्यांनाही. केगला ही सोय नाही. तोटी उघडली की पेला भरतो. अर्धा भरला काय नि दुसऱ्यांदा भरला काय, मागे पुरावा उरत नाही. पाच टक्के अल्कोहोलच्या १९ लिटर बिअरमध्ये सुमारे ९५० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. ४२.८ टक्के अल्कोहोलच्या व्हिस्कीच्या ७५० मिलिलिटरच्या जवळजवळ तीन बाटल्यांत असते तेवढे. तीन बाटल्या व्हिस्की घरात कायम उघडी ठेवणाऱ्याला आपण काय म्हणू? केग मात्र फ्रीजमध्ये सभ्यपणे उभा असतो.

दोन प्रौढांच्या घराला अमेरिकी कायद्याने दिलेली ७५७ लिटरची वार्षिक मर्यादा म्हणजे रोजची दोन लिटरहून अधिक बिअर. ही मर्यादा चोरट्या विक्रीला आळा घालण्यासाठी ठीक असेल. आरोग्याच्या दृष्टीने तिला मर्यादा म्हणणे कठीण आहे. अल्कोहोलची कोणतीही मात्रा आरोग्यास सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले आहे. तंत्राच्या अंगाने केग बाटलीपेक्षा सुरक्षित आहे. माणसाच्या अंगाने तसे म्हणता येत नाही. यंत्राने जे नियंत्रण हाती दिले, ते पिणाऱ्याने स्वतःवर ठेवायचे आहे.

आशियातील दोन वाटा

आशियात या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी मिळाली आहेत. जपानमध्ये एक टक्का वा अधिक अल्कोहोलचे पेय परवान्याशिवाय घरी बनवणे आजही गुन्हा आहे. तांदळाची घरगुती डोबुरोकू बनवणाऱ्याने न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा १९८९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने करवसुलीच्या कारणास्तव बंदी उचलून धरली. थायलंडमध्ये घरी बिअर बनवल्याबद्दल २०१७ मध्ये अटक होऊन दंड भरलेला ताओपिफोप लिमजित्राकोर्न हा तरुण २०१९ मध्ये संसदेवर निवडून गेला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तेथील सरकारने विक्रीसाठी नसलेल्या घरगुती मद्याला वर्षाला २०० लिटरच्या मर्यादेत वाट मोकळी केली.

आपल्याकडचा प्रश्न

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा आजही गुन्हा आहे, हे येथे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी आप्ताच्या गॅरेजमधील केग पाहून कोणी पुण्यात किंवा ठाण्यात तसाच उद्योग करू गेला, तर त्याची गाठ १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाशी पडेल. या कायद्याच्या बाराव्या कलमाने मद्यनिर्मितीला मनाई केली असून पासष्टाव्या कलमाखाली शिक्षा होते. हातभट्टीवाला आणि हौशी बिअरवाला असा भेद त्यात नाही. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी रीतसर परवान्याने चालू झाल्या. पण ती व्यावसायिकाला मिळालेली सवलत आहे.

हा भेद न करण्यामागे एक रास्त भीती आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. पण ते विष मिथेनॉलचे होते आणि ते दारूत मिसळले गेले होते. उकळलेल्या सातूच्या अर्कापासून आंबवलेल्या बिअरमध्ये घातक प्रमाणात मिथेनॉल तयार होत नाही. आंबवणे आणि भट्टी लावणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. अमेरिकेच्या १९७८ च्या कायद्याने पहिलीला मुभा देताना दुसरीची बंदी कायम ठेवली, तो विवेक आपल्या कायद्यालाही अशक्य नाही. गोव्यात काजूच्या बोंडांपासून फेणी गाळणाऱ्या भट्ट्या परवान्याखाली चालतात. छोट्या प्रमाणावरील निर्मितीवर देखरेख ठेवता येते, याचे उदाहरण त्यामुळे शेजारीच आहे.

तरीही अमेरिकी नमुना जसाच्या तसा उचलावा, असे म्हणवत नाही. कारण महाराष्ट्राला दारूचा स्वतःचा इतिहास आहे आणि तो प्रामुख्याने स्त्रियांनी लिहिला आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. राज्यभर कित्येक गावांतील बायाबापड्यांनी मतपत्रिकेवरील ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारून दारूची दुकाने बंद पाडली. त्या मताला ताकद होती, कारण दुकान गावाच्या डोळ्यांसमोर होते. घरातल्या फ्रीजमधील केगवर कोणत्या गावाने, कोणत्या मतपत्रिकेने शिक्का मारायचा? दारू घरात बनू लागली की तिचा निवाडा घरापुरता उरतो आणि तेथे बाईच्या मताचे वजन सर्वत्र सारखे नसते. शहरी, सुखवस्तू हौशी माणसाने आपल्या स्वातंत्र्याची मागणी करताना या प्रश्नाला बगल देता कामा नये.

मार्ग यांच्या मधून जातो. भट्टी आणि आंबवण यांत कायद्याने फरक करावा. आंबवलेल्या घरगुती पेयाला परवानगी द्यायचीच झाली, तर मर्यादा वर्षाला काही दहा लिटरांची असावी, शेकड्यांची नव्हे. नोंदणी असावी, विक्रीस मनाई असावी आणि प्रशिक्षणाची अट असावी. अनुभव पाहून पुढचे पाऊल उचलता येईल. घरगुती बिअरच्या छंदात नवशिक्याला थेट केग देत नाहीत. आधी त्याला बाटल्या धुवायला, भरायला आणि मोजायला शिकवतात. कायदा करणाऱ्यांनीही हाच क्रम पाळावा.